नागरिकत्वाचे मोल

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात एक मार्मिक प्रसंग आहे. यरुशलेमात पौलाची चौकशी फटके मारून करण्याचा हुकूम सुटतो. तोच तो आपण रोमी नागरिक असल्याचे सांगतो. रोमी सरदार चपापतो. त्याने स्वतः मोठी रक्कम मोजून नागरिकत्व मिळविलेले; पौलाला ते जन्मानेच लाभलेले. फटके थांबतात. पण ज्याच्यापाशी हा दर्जा नाही, त्याच्या पाठीचे काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत, नागरिकत्व ही तेव्हा दुर्मीळ वस्तू होती. दुर्मीळतेतच तिचे मोल होते. इफिसकरांस लिहिलेले पत्र या हिशेबालाच छेद देते. कालचे परके तेथे सहनागरिक ठरतात, तेही त्यांच्याकडून काही न घेता. रोमने साम्राज्यातील बहुतेक स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले, ते पुढे इ. स. २१२ मध्ये.

फिलिप्पैकरांस लिहिताना पौल खरे नागरिकत्व स्वर्गातले मानतो. म्हणून त्याने ऐहिक हक्कांवर पाणी सोडले काय? मुळीच नाही. त्याच फिलिप्पै नगरात त्याला न्यायनिवाड्यावाचून चारचौघांत छड्या मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. आणि त्यांना यावे लागले.

परलोकाची ओढ म्हणजे इहलोकीच्या अन्यायाला मूक संमती नव्हे. नागरिकत्वाला मूठभरांची मिरास मानणाऱ्यांनी आणि धर्माच्या नावाने नागरी कर्तव्ये टाळणाऱ्यांनीही हे प्रसंग एकदा वाचावेत.