विश्लेषण : मतदारसंघांच्या सीमा सामान्य मतदारांनीच आखल्या तर? अमेरिकेतील मिशिगनचा प्रयोग काय सांगतो?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले, तेव्हा त्यांच्या मराठीपणाचे महाराष्ट्रात कौतुक झाले. ते ज्या मतदारसंघातून निवडून आले, त्याची गोष्ट मात्र फारशी सांगितली गेली नाही. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या या १३ व्या मतदारसंघाच्या सीमा आमदारांनी नव्हे, तर चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निवडलेल्या १३ सामान्य नागरिकांनी आखल्या होत्या. हा अधिकार नागरिकांकडे आणण्यासाठी गावोगावच्या स्वयंसेवकांनी केलेली धडपड, त्यातून मिळालेले यश आणि नंतर न्यायालयात बसलेला फटका या तिन्ही गोष्टी भारतातील पुनर्रचनेच्या चर्चेतही उपयोगी ठरतील अशा आहेत.

सीमा बदलल्याने निकाल कसा बदलतो?

एक सोपे उदाहरण घेऊ. एका गावात ५० मतदार आहेत. ३० जण ‘अ’ पक्षाचे, २० जण ‘ब’ पक्षाचे. दहा-दहा मतदारांचे पाच प्रभाग करायचे आहेत. तीन प्रभागांत ‘ब’चे सहा आणि ‘अ’चे चार मतदार बसवले, तर ‘ब’चे १८ मतदार तिथेच वापरून होतात. उरलेल्या दोन प्रभागांत ‘अ’चे नऊ-नऊ आणि ‘ब’चा एक-एक मतदार राहतो. निकाल : ‘ब’ला तीन जागा, ‘अ’ला दोन. ४० टक्के पाठिंबा असलेला पक्ष बहुमतात येतो. एकही मत खोटे पडलेले नाही, एकही यंत्र बिघडलेले नाही. फक्त रेषा वेगळ्या ओढल्या आहेत.

विरोधकांचे मतदार मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे किंवा अनेक मतदारसंघांत पातळ करून टाकायचे, या दोन युक्त्यांवर हा सगळा खेळ चालतो. त्याला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या नकाशातील एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता. दोन्ही नावे जोडून हा शब्द तयार झाला.

मिशिगनमध्ये काय घडत होते?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने आखले जातात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळच करते. म्हणजे ज्यांना निवडून यायचे, तेच आपले मतदार निवडतात. मिशिगनमध्ये २०११ साली दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होते. त्या वर्षीच्या नकाशावर पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. काँग्रेसच्या निवडणुकीत राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते जास्त मिळाली. जागा मात्र १४ पैकी पाचच. २०१८ मध्येही राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला अधिक मते मिळाली आणि बहुमत ५८ विरुद्ध ५२ असे रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले.

हा दोष एकाच पक्षाचा नाही. मेरिलँड किंवा इलिनॉयसारख्या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षानेही हेच केले आहे. सत्ता ज्याच्या हाती, पेन्सिल त्याच्या हाती, इतके हे साधे गणित आहे.

मग सामान्य नागरिक यात कसे उतरले?

नोव्हेंबर २०१६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होऊन दोनच दिवस झाले असताना केटी फेही या २७ वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर एक छोटी पोस्ट लिहिली. मिशिगनमधील जेरीमँडरिंगविरुद्ध काम करायचे आहे, कोणाला सोबत यायचे असेल तर कळवा, एवढाच तिचा आशय. फेही तेव्हा कचरा पुनर्वापराशी संबंधित नोकरी करत होत्या. राजकारणाचा अनुभव नव्हता. प्रतिसाद देणाऱ्या अनोळखी लोकांतून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली.

त्यांनी आधी नकाशा काढला नाही, आधी सभा घेतल्या. ३३ दिवसांत ३३ ठिकाणी. मतदारसंघ कसे आखले जातात हे लोकांना समजावून सांगायचे आणि त्याऐवजी काय हवे ते त्यांनाच विचारायचे, असा क्रम होता. त्यातून राज्यघटना दुरुस्तीचा मसुदा तयार झाला. तो मतदानाला ठेवण्यासाठी सुमारे ३ लाख १५ हजार सह्या लागणार होत्या. २०१७ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात हजारो स्वयंसेवकांनी, सह्या गोळा करणारी पगारी माणसे न नेमता, सव्वाचार लाखांहून अधिक सह्या जमवल्या.

‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही १९२० पासूनची, गावोगावी शाखा असलेली बिगरपक्षीय संघटना दुसऱ्या बाजूने न्यायालयात लढत होती. तिने दाखल केलेल्या खटल्यात २०११ च्या नकाशाविषयीचे ई-मेल उघड झाले. विरोधी मतदारांना ठरावीक मतदारसंघांत कोंबण्याची भाषा त्यांत होती. ज्या गोष्टीची शंका होती, तिचा कागद हाती आला.

विरोध झाला का?

झाला. राज्यातील व्यापार-उद्योग संघटनेच्या पाठबळावर विरोधक न्यायालयात गेले. ही साधी दुरुस्ती नसून घटनेचा ढाचाच बदलला जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुलै २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी प्रस्तावाला वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो मंजूर केला.

या घटनादुरुस्तीचे महत्त्व पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, पक्षीय फायद्यासाठी केलेले जेरीमँडरिंग हा केंद्रीय न्यायालयांनी सोडवण्याचा प्रश्न नाही. लीगने खालच्या न्यायालयात जिंकलेला खटला त्यामुळे निष्फळ ठरला. तोवर मतदारांनी राज्याच्या घटनेतच बदल करून घेतला नसता, तर दुसरा मार्ग उरला नसता.

आयोगात कोण असते आणि तो कसा चालतो?

आयोगाचे १३ सदस्य असतात : चार डेमोक्रॅटिक, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाशी न जोडलेले. कोणताही पात्र मतदार अर्ज करू शकतो. मात्र गेल्या सहा वर्षांत पक्षीय निवडणूक लढवलेले, पक्षाचे पदाधिकारी, नोंदणीकृत लॉबिस्ट आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अपात्र ठरतात. २०२० मध्ये नऊ हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतून यादृच्छिक पद्धतीने २०० नावे काढली गेली. विधिमंडळातील दोन्ही पक्षांच्या चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावे वगळण्याची मुभा होती. उरलेल्यांतून पुन्हा यादृच्छिक पद्धतीने १३ जण निवडले गेले. सदस्यांना गव्हर्नरच्या पगाराच्या किमान २५ टक्के मानधन मिळते. त्यामुळे हे काम सवड असलेल्या सधन लोकांपुरते राहत नाही.

नकाशा मंजूर होण्यासाठी नुसते बहुमत पुरत नाही. तिन्ही गटांतील किमान दोघांचा पाठिंबा लागतो. मसुद्याआधी किमान दहा आणि मसुद्यानंतर किमान पाच जाहीर सुनावण्या बंधनकारक आहेत. निकषांचा क्रमही घटनेतच लिहिला आहे. समान लोकसंख्या आणि मताधिकार कायद्याचे पालन सर्वात वर. त्यानंतर सलग भूभाग, समान हितसंबंध असलेल्या वस्त्या एकत्र ठेवणे, कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा न देणे आणि विद्यमान प्रतिनिधींची सोय न पाहणे.

स्थानिक संघटनांची गरज नेमकी कुठे लागते?

‘समान हितसंबंध असलेली वस्ती’ या शब्दांत त्याचे उत्तर आहे. जनगणना लोकसंख्या सांगते, वय सांगते, वंश सांगते. पण दोन मोहल्ले एकाच शाळेवर आणि बाजारावर अवलंबून आहेत, की मधल्या महामार्गाने त्यांचा संबंधच तोडला आहे, हे आकडेवारीत दिसत नाही. ते तिथे राहणारा माणूसच सांगू शकतो.

मिशिगनमध्ये स्थानिक गटांनी नेमके हेच काम केले. लोकांना आपल्या वस्तीची हद्द नकाशावर काढायला शिकवले, सुनावणीत दोन मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा याचा सराव घेतला. हॅमट्रॅमक शहर आणि त्याला लागून असलेला डेट्रॉइटचा भाग इथे बांगलादेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. शहराची हद्द मधून जाते. पण भाषा, दुकाने आणि अडचणी एकच. आम्हाला एका मतदारसंघात ठेवा, ही त्यांची मागणी आयोगापुढे आली. सरकारी हद्द आणि लोकांची हद्द वेगळी असू शकते, हे अशा साक्षींमुळेच कागदावर येते.

नवा नकाशा न्याय्य ठरला का?

पक्षांमधील समतोलाच्या बाबतीत, बऱ्याच अंशी हो. डिसेंबर २०२१ मध्ये नकाशे मंजूर झाले. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला मतांत निसटती आघाडी मिळाली आणि प्रतिनिधीगृहात ५६ विरुद्ध ५४, सिनेटमध्ये २० विरुद्ध १८ असे निसटतेच बहुमत मिळाले. दोन वर्षांनी लोकांचा कल फिरला, तेव्हा प्रतिनिधीगृह ५८ विरुद्ध ५२ ने रिपब्लिकन पक्षाकडे गेले. मत बदलले की सत्ता बदलते, ही साधी अपेक्षा पूर्ण झाली.

पण डेट्रॉइटच्या बाबतीत आयोग चुकला. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले हे शहर लांबट पट्ट्यांत कापून गोऱ्या उपनगरांना जोडले गेले. जाहीर सुनावणीत डेट्रॉइटच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला होता. आयोगाने तज्ज्ञ सल्लागारांचे ऐकले. शिवाय याच विषयावरील एक बैठक बंद दाराआड झाली. तिचे ध्वनिमुद्रण खुले करण्याचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. अखेर डेट्रॉइटच्या रहिवाशांनीच खटला भरला. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय पीठाने विधिमंडळाचे १३ मतदारसंघ, सात प्रतिनिधीगृहाचे आणि सहा सिनेटचे, घटनाबाह्य ठरवले. वंशाला अवाजवी महत्त्व देऊन रेषा आखल्याचा ठपका होता. २०२४ मध्ये ते नव्याने आखावे लागले.

काँग्रेसचे मतदारसंघ या निकालात नव्हते. मात्र तिथेही प्रश्न विचारला गेला. २०२२ च्या निकालानंतर सुमारे ७० वर्षांत प्रथमच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. ठाणेदार विजयी झालेल्या प्राथमिक फेरीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली होती, हेही त्याचे एक कारण. त्यामुळे दोष केवळ नकाशाचा म्हणता येणार नाही.

नागरिकांचा आयोग कायमचा सुरक्षित असतो का?

नाही. कॅलिफोर्नियात २००८ च्या सार्वमताने असाच आयोग आला आणि तो आदर्श मानला गेला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात अशा बेताने काँग्रेसचे मतदारसंघ बदलले. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवून विधिमंडळाने आखलेला नकाशा स्वीकारला. शेजारी नियम मोडत असताना आपणच का पाळायचे, या प्रश्नापुढे चांगली व्यवस्थाही वाकते. एकेका राज्याच्या सुधारणेची ही मर्यादा आहे.

भारतात नागरिकांना काय वाव आहे?

भारतात लोकसभा आणि विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. सध्याचे बहुतेक मतदारसंघ २००२ च्या कायद्याखाली, २००१ च्या जनगणनेवर आधारित असून २००८ पासून लागू झाले. आमदार-खासदार आयोगाचे सहसदस्य असतात. पण त्यांना मताचा अधिकार नसतो. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर बैठका होतात. अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते आणि न्यायालयात दाद मागण्यास फारच थोडी जागा उरते. म्हणजे नागरिकाने बोलायचे ते मसुद्याच्या टप्प्यावरच. राज्यांमधील जागावाटप २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले होते. त्यामुळे हा विषय आता अभ्यासकांपुरता राहिलेला नाही.

महानगरपालिकांच्या प्रभागरचनेत तर ढवळाढवळीचा अनुभव ताजा आहे. मुंबईतील प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ झाली आणि सरकार बदलताच पुन्हा २२७. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेण्यात आले. प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचनांची मुदत असते आणि सुनावणीही होते. पण ही मुदत मोजक्या दिवसांची असते आणि बहुतेक हरकती इच्छुक उमेदवारांच्याच येतात. गृहनिर्माण सोसायट्या, मोहल्ला समित्या, नागरिक मंच तिथे क्वचितच दिसतात. ‘अमुक नाल्यापलीकडची वस्ती या प्रभागात का, तिचे पाणी, शाळा आणि रस्ता सगळे अलीकडे आहे’ अशी मुद्देसूद, नकाशासह दिलेली हरकत ही ‘अन्याय झाला’ या एका ओळीपेक्षा फेटाळायला अवघड असते.

मिशिगनमध्ये अधिकार नागरिकांकडे आल्यावरही डेट्रॉइटच्या लोकांना आपलेच म्हणणे ऐकवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. आयोग कोणाचाही असो, ज्यांच्या दारावरून रेष जाते त्यांची साक्ष बाजूला ठेवली की नकाशा चुकतो. त्यासाठी साक्ष द्यायला माणसे वेळेत पोहोचलेली असली पाहिजेत.