गाणं ऐकत आकाशातून उडी

मुलांनो, या आठवड्याचा प्रश्न चौथीच्या वर्गातून आला आहे. "बाई, विमानातून उडी मारताना ती माणसं कानात कोणतं गाणं लावत असतील?" प्रश्न ऐकला मात्र, वर्गात एकच गलका झाला! जो तो आपापलं आवडतं गाणं सांगू लागला. उडीची चित्रफीत मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेली. खाली कापसासारखे ढग, हातपाय पसरून तरंगणारी माणसं आणि जोडीला झकास संगीत!

आमच्या उलव्याच्या मुलांना असे प्रश्न पडणारच. विमानतळ अगदी दारात आला आहे म्हणा ना! उलव्याची टेकडी सपाट करून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून नवी मुंबईचा विमानतळ बांधला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हापासून शाळेच्या मैदानावर खो-खो थांबतो आणि सगळ्यांच्या माना वर होतात. अर्थात त्या मोठ्या विमानांतून कुणी उडी मारत नाही हं! उडीसाठी लहान विमान लागतं, उघडता येणारं दार लागतं आणि पाठीवर हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट लागतं.

आता एक गुपित सांगते. चित्रफितीतलं ते संगीत आकाशात वाजतच नसतं! ते नंतर, खाली आल्यावर जोडलेलं असतं. उडी मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यात मुळात काय ऐकू येतं, ठाऊक आहे? नुसता घोंघाट! घुऽऽऽ असा, एकसारखा.

तो कसा, ते पाहू या. समजा, १३,००० फुटांवरून उडी मारली. पहिली दहा-बारा सेकंदं वेग वाढत जातो. मग खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि वर रेटणारी हवा यांची बरोबरी होते आणि वेग स्थिर राहतो. हा वेग असतो ताशी सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर! कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. तशी चार मैदानं एकापुढे एक ठेवली, तरी एका सेकंदाचा प्रवास पुरा होत नाही.

एवढ्या वेगाने हवा कानांवरून गेली, की तिचे भोवरे तयार होतात आणि त्यांचा आवाज होतो. तो १०० डेसिबलच्याही पुढे जातो. आपण शांतपणे गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. शेजारून पडणाऱ्या मित्राने कितीही ओरडून सांगितलं, तरी शब्द कळत नाही. म्हणून ही माणसं हातांच्या खुणांनी बोलतात.

घरी करून पाहा. टेबलावरचा पंखा मोठा ठेवून त्याच्यापासून हातभर लांब बसा. आईला थोडं दूर उभं राहून हळू आवाजात एखादी कविता म्हणायला सांगा. मग तोंड हळूहळू डावी-उजवीकडे वळवा. एका कोनात वारा कानात फडफडतो आणि कवितेचे शब्द विरघळून जातात. हा तर साधा पंखा. आकाशात केवढं वारं!

"मग गाणं आणखी मोठं करायचं!" कुणीतरी म्हणेलच. पण गंमत पुढेच आहे. छत्री उघडायची असते साधारण ४ ते ५ हजार फुटांवर. म्हणजे मोकळं पडणं अवघं पाऊण ते एक मिनिटाचं. गाण्याचं पहिलं कडवं सुरू होतंय न होतंय, तोवर छत्री उघडायची वेळ येते! ती वेळ चुकवून चालत नाही. पाच सेकंदं उशीर म्हणजे किती मीटर, ते तुम्हीच गुणाकार करून पाहा.

ही वेळ कळते कशी? मनगटावर घड्याळासारखा उंचीमापक असतो. खाली येताना हवेचा दाब वाढत जातो. तो मोजून हे यंत्र उंची सांगतं. पण त्यासाठी तिकडे पाहावं लागतं ना? मन रमलं, नजर ढगांत अडकली तर? म्हणून पुष्कळ जण शिरस्त्राणात, अगदी कानाजवळ, आणखी एक छोटा उंचीमापक बसवतात. ठरलेली उंची आली, की तो कर्कश 'पीं पीं' करतो. एवढ्या घोंघाटातही ऐकू यावा इतका तो आवाज तीक्ष्ण असतो. एक इशारा 'आता एकमेकांपासून दूर व्हा' असं सांगायला, दुसरा 'छत्री उघडा' असं सांगायला. आता सांगा, त्याच कानात गाणं दणदणत असेल तर?

आणि छत्री उघडली की काय होतं? वेग एकदम कमी होतो आणि तो घोंघाट थांबतो. सगळं शांत शांत! कापडाची फडफड, दोऱ्यांमधून वाहणारा वारा आणि आपलाच श्वास. इथून जमिनीवर पोहोचायला चार-पाच मिनिटं लागतात. मग तेव्हा तरी गाणं? नवशिक्यांच्या शिरस्त्राणात पुष्कळ ठिकाणी रेडिओ बसवलेला असतो, पण तो गाण्याचा नव्हे. खाली मैदानात उभे असलेले प्रशिक्षक त्यातून सांगतात, 'डावीकडे वळ, आता सरळ, आता दोन्ही दोऱ्या ओढ.' जवळ कुणी दुसरा उतरत असेल, त्याची हाक ऐकू यायला हवी. कान कामावरच असतात.

१४ ऑक्टोबर २०१२ची गोष्ट ऐका. ऑस्ट्रियाच्या फेलिक्स बाउमगार्टनर यांनी अमेरिकेत फुग्याला टांगलेल्या कुपीतून सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. पडताना त्यांचा वेग आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त झाला होता! उडीआधी त्यांच्या कानात एक आवाज होता. तो होता जोसेफ किटिंजर या वृद्ध वैमानिकाचा. किटिंजर यांनी स्वतः १६ ऑगस्ट १९६० रोजी ३१ किलोमीटरवरून उडी मारली होती. बावन्न वर्षांनी ते जमिनीवर बसून रेडिओवरून एकेक सूचना सांगत होते आणि बाउमगार्टनर ती ऐकून पाळत होते. एवढ्या मोठ्या उडीच्या वेळी कानात गाणं नव्हतं, एका जाणत्या माणसाचा शब्द होता.

आपल्या महाराष्ट्राची मुलगीही या खेळात मागे नाही बरं का! पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली. तापमान होतं उणे ३७ अंश! आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. पुढे डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून त्यांनी उडी मारली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्या चक्क नऊवारी साडी नेसून विमानातून झेपावल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रात आपल्याला साडी दिसते, बर्फ दिसतो. त्यामागची तयारी आणि एकचित्त झालेलं मन दिसत नाही.

मुलांनो, डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण झोपलो तरी कान जागे असतात. डोळे फक्त समोरचं पाहतात. मागून, बाजूने, कोपऱ्यावरून काय येतंय, ते आधी कानांनाच कळतं. कान म्हणजे आपले पहारेकरी! आकाशात वारा या पहारेकऱ्याला बहिरा करतो, म्हणून ती माणसं मुद्दाम 'पीं पीं' करणारं यंत्र लावतात. आणि आपण? जमिनीवर, सगळं छान ऐकू येत असताना, स्वतःच्या हातांनी कानांत बोळे घालतो!

उलव्यात संध्याकाळी क्लासला निघालेली मोठी मुलं पाहा. दोन्ही कानांत इअरफोन, नजर मोबाइलमध्ये, एक पाय रस्त्यावर. आपल्याकडे खडी-वाळूचे डंपर फिरतात. विजेवर चालणारी स्कूटर तर जवळ येईपर्यंत आवाजही करत नाही. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर येते. तिचा हॉर्न तीन सेकंदं उशिरा कळला, तर ती ३३ मीटर जवळ आलेली असते. रूळ ओलांडणं तर मुळातच नको. पण फलाटाच्या कडेला उभं असतानाही लोकलचा भोंगा कानांवर पडायला हवा.

मग गाणी ऐकायचीच नाहीत का? छे! जरूर ऐका. बाईंनाही गाणी फार आवडतात. पण घरी बसून ऐका, सगळे मिळून ऐका. चालताना, सायकलवर, रस्ता ओलांडताना, फलाटावर मात्र कान मोकळे ठेवा. तुमच्या दादा-ताईलाही हे सांगा, पण भांडून नको. त्यांना सेकंदाला ५५ मीटरचं गणित घाला. ते आपोआप ऐकतील.

पालकांसाठी दोन शब्द. खारकोपरहून लोकलमध्ये बसलं, की गाडीच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो. आकाशातली अडचण तीच आणि चूकही तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: मोठ्यांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ८० डेसिबल, मुलांनी तेवढ्याच वेळात ७५ डेसिबल. आवाज वाढला, की हा सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. आतल्या कानातल्या नाजूक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. मुलाशी हातभर अंतरावरून बोललेलं त्याला ऐकू आलं नाही, तर इअरफोनचा आवाज जास्त आहे, असं समजावं. आणि मुलाचा हात धरून रस्ता ओलांडताना आपल्याही कानांत काही नसावं. मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतात.

आता या आठवड्याचा उद्योग. सकाळी खिडकीशी बसा, डोळे मिटा आणि मिनिटभर ऐका. किती आवाज आले? जवळचे कोणते, लांबचे कोणते? तुमच्या पाठीमागून कोणता आला? वहीत यादी करा आणि आम्हांला पाठवा. सगळ्यांत लांबचा आवाज ओळखणाऱ्याला बाईंकडून शाबासकी!