दूध मानवत नाही, की पोटात जंत आहेत?

'आरे' म्हटले की जुन्या वाचकांना काचेच्या बाटलीतले दूध आठवते. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ ही दुग्ध वसाहत उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि मुंबई शहरातल्या हजारो म्हशी तिथल्या तबेल्यांत गेल्या. तबेल्यांच्या आसपास वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. हे पाडे तबेल्यांच्या आधीचे. अशाच एका पाड्यावरची आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. "डॉक्टर, दूध दिलं की याचं पोट फुगतं, जुलाब होतात. बंदच करू का?"

मुलाचे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे आलेले. शौचाची तपासणी केली, तर जंतांची अंडी सापडली.

जंत आपले अन्न खातात, म्हणून मूल वाळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे. वीतभर लांबीचा हा जंत लहान आतड्यात राहतो. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात आणि पचलेले अन्न तिथूनच रक्तात जाते. जंत असले की हे उंचवटे खुरटतात. शिवाय आपल्या पाचकरसांनी जंत स्वतःच पचून जाऊ नये म्हणून तो त्यांना निकामी करणारे पदार्थ सोडतो. या अस्तरावरच 'लॅक्टेज' तयार होते. दुधातली साखर फोडण्याचे काम त्याचे. अस्तर खराब झाले की लॅक्टेज घटते, दुधाची साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. त्याचाच वायू, त्याचेच जुलाब. पनामा देशात जंत असलेल्या आणि नसलेल्या बालकांना दूध देऊन तुलना केली, तेव्हा जंत असलेल्यांना दुधाची साखर कमी पचते असे आढळले. तो अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. अ जीवनसत्त्वाचे शोषणही जंतांमुळे घटते.

म्हणजे आई पदरमोड करून दूध आणते आणि ते अंगी लागतच नाही. आरेसारख्या दुधाच्या गावात हे घडावे, याचे मला फार वाईट वाटते.

अंकुशकृमींची, म्हणजे हुकवर्मची, तऱ्हा निराळी. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पितात. एक कृमी दिवसाला थेंबभर, काही जातींत दोन-तीन थेंब. पन्नास-शंभर कृमी असतील तर हिशेब वाचकांनीच करावा. गवत कापणाऱ्या, अनवाणी राबणाऱ्या बायांना धाप लागते तेव्हा घरातले "वयच झालं" म्हणतात.

एक गैरसमज दूर करायला हवा. हे जंत म्हशीच्या शेणातून येत नाहीत, गूळ खाल्ल्यानेही होत नाहीत. ते येतात माणसाच्या विष्ठेतून. जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात, आणि हात, भाजी, पाणी यांवाटे पुन्हा तोंडात.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांना चारशे मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, त्याखालच्यांना अर्धी. उपक्रम चांगलाच आहे, गोळी जरूर घ्यावी. मूल तापाने आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. पण माझी तक्रार अशी की, गोळी वाटली की काम संपले असे आपण मानतो. सरसकट गोळ्या वाटून मुलांचे सरासरी वजन फारसे वाढत नाही, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण सांगते. काही लोक त्यावरून गोळीच निरुपयोगी ठरवतात. मला ते पटत नाही. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला फायदा होतोच. पण त्याच मातीत खेळणाऱ्या मुलाला काही महिन्यांत पुन्हा लागण होते, आणि त्याच्या आईला तर शाळेतली गोळी मिळतच नाही.

पशुवैद्य म्हशीच्या रेडकाला जन्मानंतर दहा-पंधरा दिवसांतच जंताचे औषध द्यायला सांगतात, आणि गोठाही कोरडा ठेवायला सांगतात. (मुंबईच्या तबेल्यांत रेडकांची आबाळच जास्त, तो विषय वेगळा.) पाड्यावर मात्र आपण औषध देतो आणि जमीन तशीच सोडतो. आरेतल्या काही पाड्यांना नळ आणि शौचालयासाठी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. तुमच्या-आमच्या गावच्या वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे का? शौचालय बांधले, पण त्यात पाणीच नाही, अशी किती उदाहरणे दाखवू? माझ्या मते गोळीच्या खर्चाबरोबर पाण्याचा आणि चपलांचा खर्चही आरोग्याच्या खात्यातच धरला पाहिजे, आणि गोळी घरातल्या मोठ्यांनाही मिळाली पाहिजे. गर्भवतीने मात्र पहिले तीन महिने ती घेऊ नये, नंतरही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

त्या आईला मी दूध कायमचे बंद करू दिले नाही. गोळी दिली, काही आठवडे दुधाऐवजी ताजे दही द्यायला सांगितले, कारण विरजणात दुधाची बरीच साखर आधीच फुटलेली असते. मग पाव कप दुधापासून, तेही जेवणाबरोबर, सुरुवात करायची. आणि पुढच्या खेपेला तिने स्वतःचेही रक्त तपासून घ्यायचे.