उंदराचं आमिष आणि घरचं कुत्रं



सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, हरभऱ्याची तयारी चालू आहे. आणि दरवर्षीसारखी या दिवसांत शिवारातली कुत्री मरायला लागलीत. आठ दिवसांत आमच्याकडं तीन गेली. कुणी म्हणतं पान लागलं, कुणी म्हणतं ऊन लागलं. ऑक्टोबरचं ऊन वाईट आहे, मान्य. पण उन्हानं मेलेल्या कुत्र्याच्या तोंडाला लसणासारखा वास येत नाही. तो वास झिंक फॉस्फाईडचा असतो. म्हणजे आपण उंदराला टाकतो त्या झिंकचा.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. दोन वर्षांमागं माझा बाळ्या मीच मारला. ज्वारीच्या भरड्याला तेल लावलं, झिंक चोळलं आणि बांधाच्या कडेनं मुठी-मुठी टाकत गेलो. तेलाचा वास कुणाला नको? सकाळी बाळ्या विहिरीजवळ ओकत पडला होता, पोट फुगलेलं. घरच्यांनी दूध पाजलं, तूप पाजलं. डॉक्टर नंतर म्हणाले, तेच करायचं नव्हतं. झिंक पोटातल्या आम्लाला भेटलं की फॉस्फीन गॅस सुटतो, आणि पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं. त्यावर उतारा नाही. सलाईन लावलं, दुपारी गेला. सात वर्षं ज्यानं भुईमुगात डुक्कर येऊ दिलं नाही, तो माझ्या एका मुठीत गेला.

आता माझं भांडण. सल्ला देणारे, औषध विकणारे, गटात मेसेज फिरवणारे, सगळ्यांना ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग झिंक हे पाठ आहे. पण ते टाकायचं कुठं आणि उरलेलं उचलायचं कसं, हे विचारा. गप्प. शिफारस चुकीची नाही, ती अर्धीच सांगितली जाते. आणि अर्धी शिफारस ऐकून आपण बांधावर विष पेरतो. कृषी पदवीधर मंडळी हे पान वाचतात, त्यांना रागावून सांगतो, पुढच्या शेतकरी मेळाव्यात मात्रेआधी बिळाचं बोला.

पद्धत अवघड नाही. संध्याकाळी रानातली सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. त्यात दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा टाकायचा, उंदराची भीड मोडते. मग विषाची कागदाची पुडी काठीनं बिळात आत ढकलायची आणि तोंड ओल्या मातीनं लिंपायचं. बांधावर एक दाणा दिसता कामा नये. मिसळताना हातात मोजे, तोंडाला रुमाल, आणि घरातलं भांडं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी फेरी मारून मेलेले उंदीर आणि सांडलेलं आमिष खोल पुरायचं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं म्हणणारे आहेत. अरे, उघड्यावर टाकलेलं आमिष उंदराच्या तोंडी कमी आणि पारव्याच्या तोंडी जास्त जातं. ओल लागली की झिंकचा जोरही उतरतो. पैसे गेले, उंदीर तिथंच, कुत्रं मेलं. यात वेळ कुठं वाचला?

दुसरे शहाणे ब्रोमाडिओलोनच्या वड्या वापरतात आणि आपण सुटलो समजतात. त्यानं कुत्रं लगेच मरत नाही एवढंच. चार-सहा दिवसांनी नाक-हिरड्यातून रक्त येतं, शेण काळं पडतं, आणि तोवर आपण वडी विसरलेलो असतो. मात्र यावर इलाज आहे, व्हिटॅमिन के-१. म्हणून रिकामं पाकीट फेकू नका, डॉक्टरकडं सोबत न्या. सगळं त्यावर ठरतं.

डुकरासाठी कणकेत थिमेट घालणाऱ्यांना मात्र मी समजावणार नाही. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, डुकराला विष घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि तरी जुना डबा कोठ्यात आहेच. लाळ गळते, बाहुली बारीक होते, अंग थरथरतं, हगवण लागते. असं कुत्रं दिसलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. तिथं ॲट्रोपिन आहे. घरात तोवर फक्त रडारड आहे.

आणि पावसाळ्यानंतर गोचीड वाढले म्हणून कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळणारे! कुत्रं अंग चाटतं राव. गोचिडाचं औषध जनावरांच्या डॉक्टरकडून, मोजून.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत म्हणून आपण फोटोला हार घालतो. घरचं कुत्रं मेलं की म्हणतो, दुसरं आणू. मला ही सवय आता सहन होत नाही.

आमिष ठेवायचे तीन-चार दिवस कुत्रं घरी ठेवा. पण साखळी दोन हाताची आणि खांब उन्हात, असं नको. झाडाखाली लांब दोरी आणि गळ्याला पट्टा. पाणी मातीच्या घमेल्यात, दिवसातून दोनदा बदललेलं. दुपारी दोनची सावली कुठं सरकते ते आधी बघा. या दिवसांत पहाटे गार आणि दुपारी भाजतं, त्यामुळं रात्री पोतं अंथरलं तरी पुरतं. दिवाळीच्या फटाक्यांना ते दोरी तोडून रानात पळतं, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आत आमिषाचं काम उरकून घ्या.

परवा हरभरा पेरायचाय. आज संध्याकाळी मी बिळं बुजवायला निघालोय, नवं पिल्लू ओसरीवर बांधलंय. ओरडून ओरडून घसा बसलाय त्याचा. ओरडू दे.