विश्लेषण : एका दिवसाचं पिल्लू नर की मादी, कसं ओळखतात? आणि नर निघाला तर?

आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं चहाच्या किमतीत मिळतात. पोरांच्या हट्टापायी आपण घेतोही. ती इतकी स्वस्त का? कारण ती बहुतेक नर असतात, तेही अंड्यांसाठीच्या ‘लेअर’ जातीचे. ते अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. लेअरच्या नराला त्याच वजनासाठी कितीतरी जास्त दिवस आणि खाद्य लागतं.

नर-मादी ओळखतात कसं?

अंड्यावर सुई-दोरा धरून लिंग सांगणारे व्हिडीओ कृपया फॉरवर्ड करू नका. त्याला काहीही आधार नाही. गावठी पिल्लांत तर तुरा वाढेपर्यंत काही आठवडे थांबावंच लागतं. हॅचरीत मात्र पहिल्याच दिवशी निकाल लागतो.

एक पद्धत जपानची. पिल्लाचं गुदद्वार हळूच उलगडून आतला बारीकसा उंचवटा पाहायचा. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी ती १९२०च्या दशकात मांडली. तरबेज माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो.

दुसरी पद्धत पंखांची. पिसं उशिरा फुटण्याचा जनुक झेड गुणसूत्रावर असतो. उशिरा पिसं फुटणारी आई आणि लवकर फुटणारा बाप अशी जोडी लावली, की मुलगे आईवर जातात, मुली बापावर. मग पंख पसरायचा : मुख्य पिसं वरच्या पिसांपेक्षा लांब असतील तर मादी, सारखी किंवा आखूड असतील तर नर. घरच्या पिल्लावर हा प्रयोग कराल तर फसाल. जोडी ठरवून लावलेली असेल तरच ही खूण चालते.

नरांचं पुढे काय?

जगभरात वर्षाला अंदाजे ७०० कोटी नर पिल्लं जन्मताच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सनेही. तिथे आता अंड्यातच तपासणी होते. एका तंत्रात नवव्या दिवसाच्या सुमारास लेझरने छिद्र पाडून थेंबभर द्रव तपासतात. दुसऱ्यात कवचातून प्रकाश सोडून पिसांचा रंग बघतात. हे दुसरं तंत्र नर-मादीचा रंग वेगळा असलेल्या तपकिरी जातींनाच लागू पडतं. आपल्याकडच्या व्यावसायिक लेअर मुख्यतः पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या. त्यांत दोघंही सारखेच, म्हणजे ते यंत्र आणून इथे उपयोग नाही.

म्हणून माझ्या मते लगेच बंदीची घोषणा करण्यात अर्थ नाही, ती कागदावरच राहील. आधी प्रत्येक हॅचरीला किती नर निघाले आणि त्यांचं काय केलं, याची नोंद सक्तीची करा. प्रत्येक पिल्लू एकदा माणसाच्या हातातून जातंच, त्यामुळे मोजणी अवघड नाही. रंगवलेल्या पिल्लांची विक्री थांबवायला तर कुठलं यंत्रही लागत नाही.