पृष्ठ क्रमांकाचा आग्रह हवाच

शोधनिबंध लिहून झाला की शेवटी उरते ती संदर्भसूची. ती लावण्याचे काम बहुतेक वेळा मुदत संपता संपता, घाईघाईत, दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात मारून उरकले जाते. पंचवटीतल्या आणि गोदावरीपलीकडच्या नाशकातल्या महाविद्यालयांत या विषयावर तीन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत असे की, स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे हे कारकुनी काम आहे, निबंधाचा कस विचारात असतो. दुसरे असे की, हे नियम परदेशी आहेत, मराठीला ते बसत नाहीत. तिसरे असे की, आता संगणक सगळे करून देतो, मग आपण कशाला डोके शिणवायचे? ही मते मांडणारी माणसे कष्टाळू आहेत, विद्यार्थ्यांवर त्यांची माया आहे. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पहिल्या मतात थोडे तथ्य आहे. एका नियतकालिकाला वर्ष लेखकाच्या नावापाठोपाठ कंसात हवे असते, दुसऱ्याला ते शेवटी हवे असते. एकच निबंध दोन ठिकाणी पाठवायचा तर सारी सूची नव्याने लावावी लागते, आणि त्यात ज्ञानाची भर तसूभरही पडत नाही. काही मोठे परदेशी प्रकाशकही आता पहिल्या वेळी कोणत्याही सुसंगत पद्धतीची सूची चालवून घेतात. पण विरामचिन्हांचा जाच वेगळा आणि संदर्भातला ऐवज वेगळा. पहिल्याला कंटाळून दुसरा सोडून देणे हा घात आहे.

पंचवटीचेच उदाहरण घ्या. रामायणातली पंचवटी ती हीच, असे आपण मानतो. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशालेचाही तोच दावा आहे. या वादावर लिहिणारा ‘वाल्मीकी रामायणात म्हटले आहे’ एवढेच लिहून पुढे गेला, तर वाचकाने काय तपासायचे? प्रचलित पाठात अरण्यकांडाचे ७५ सर्ग आहेत. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत ते ७१ आहेत. राम पंचवटीत येऊन पर्णकुटी बांधवतो तो प्रसंग प्रचलित पाठात पंधराव्या सर्गात आहे, चिकित्सित आवृत्तीत चौदाव्या. शूर्पणखेचा प्रसंग तिकडे सतराव्यात, इकडे सोळाव्यात. आवृत्ती न सांगता नुसता सर्ग दिला, तर प्रामाणिक वाचक भलत्याच श्लोकावर जाऊन पोहोचतो आणि लेखकालाच खोटा ठरवतो.

‘नाशिक गॅझेटियर’ असा संदर्भ तर सर्रास आढळतो. त्यातले कोणते? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड १८८३ चा आहे आणि महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९७५ ची. दोहोंमध्ये ९२ वर्षे गेली. तेवढ्या काळात गावाची वस्ती बदलली, घाट बदलले, लिहिणाऱ्यांची दृष्टीही बदलली. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला २ मार्च १९३० रोजी सुरुवात झाली, त्यामुळे १८८३ च्या खंडात त्याचा उल्लेख असूच शकत नाही. त्या सत्याग्रहाची कागदपत्रे शासनाने २००३ मध्ये काढलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या सतराव्या खंडात आहेत. पण तो खंड तीन भागांत आहे. ‘खंड १७’ एवढेच लिहिणारा वाचकाला तीन जाडजूड ग्रंथ चाळायला लावतो. ‘भाग १’ आणि पृष्ठ क्रमांक लिहायला दोन सेकंद लागतात. हे कारकुनी काम असेल, तर संशोधनातला बराचसा प्रामाणिकपणा कारकुनीतच आहे असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या मतातही तथ्य आहे. एपीए किंवा एमएलए यांचे नियम इंग्रजी ग्रंथव्यवहार डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. नाशिककरांचे तात्यासाहेब कवितेवर ‘कुसुमाग्रज’ म्हणून नाव घालत आणि नाटकावर ‘वि. वा. शिरवाडकर’ म्हणून. मग ‘विशाखा’ आणि ‘नटसम्राट’ यांची नोंद एका नावाखाली करायची की दोन? जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेला असतो. शके १८५२ म्हणजे १९३० की १९३१, हे महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. नोंदींचा क्रम अकारविल्ह्यांनी लावायचा, पण मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र असतील तर काय करायचे? या प्रश्नांची आयती उत्तरे परदेशी नियमपुस्तिकांत नाहीत.

पण यावरून मूळ शिस्तच परकी ठरत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली ती अस्सल कागदाशिवाय बोलायचे नाही या हट्टानेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिच्या प्रत्येक पानाखाली कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे, हे नोंदलेले आहे. इतक्या कसोशीने साधन दाखवण्याची परंपरा आपल्या दाराशी असताना, तळटीप ही साहेबाची देणगी आहे असे म्हणणे म्हणजे आपल्याच पूर्वसूरींचे श्रम नाकारणे होय. नियम बसत नसतील तर ते मराठीला बसतील असे घडवायचे असतात, टाकून द्यायचे नसतात.

राहिले तिसरे मत. झोटेरोसारखे संगणकीय साधन जरूर वापरावे. पाचशे नोंदींचा क्रम ते क्षणात लावते. पण त्यात जे भरले तेच बाहेर येते. चुकीची आवृत्ती भरली तर तीच चुकीची आवृत्ती नीटनेटकी छापून येते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सूची लिहवून घेणे तर त्याहून घातक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. तिथे खटल्यांची नोंद शोधता येते, म्हणून लबाडी उघडी पडली. मराठीतली कितीतरी जुनी पुस्तके आणि मासिके कोणत्याही संगणकीय सूचीत नाहीत. अनेक लेख जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असल्याने शोधूनही सापडत नाहीत. आपल्याकडे बनावट संदर्भ पकडला जाणे अवघड आहे, आणि म्हणून आपण अधिक जागरूक असले पाहिजे.

तर मग मराठी शोधनिबंधात आग्रह कशाचा धरावा? पहिला आग्रह पाहिलेल्या प्रतीचा. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख कुणी एखाद्या पाठ्यपुस्तकातून उचलला असेल, तर त्या पाठ्यपुस्तकाचेच नाव द्यावे. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडातले सेनार यांचे वाचन स्वतः उघडून पाहिले असेल, तरच ‘खंड ८, लेख क्रमांक २’ असे लिहावे. दुसरा आग्रह आवृत्ती, भाग आणि पृष्ठ यांचा. तिसरा, नाव पुस्तकावर छापले तसेच देण्याचा. टोपणनावाची नोंद त्याच नावाने करावी आणि मूळ नावाखाली ‘पाहा’ अशी जोडनोंद द्यावी. शके छापला असेल तर शकेच लिहून पुढे इसवी सन कंसात द्यावा. चौथा, ‘तत्रैव’ जपून वापरण्याचा. संपादनात एखादी टीप मध्ये शिरली की खालचे सगळे ‘तत्रैव’ भलत्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. त्याऐवजी लेखकाचे नाव आणि छोटे शीर्षक पुन्हा लिहिणे केव्हाही बरे.

हे काम एकट्या विद्यार्थ्यावर ढकलून चालणार नाही. मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र बसून एका पानाची सामाईक नियमावली करावी आणि विरामचिन्हांचा जाच कायमचा संपवावा. मार्गदर्शकांनी प्रबंधाच्या पहिल्याच सहामाहीत, शेवटच्या रात्री नव्हे, विद्यार्थ्याला ग्रंथालयात नेऊन दहा संदर्भ पडताळून घ्यायला लावावेत. पंचवटीतल्या विद्यार्थ्याला पूल ओलांडला की १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. अशी सोय थोड्या गावांना लाभते.

संदर्भसूची संपादकाची मर्जी राखण्यासाठी नसते. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला ना मोठ्या प्राध्यापकांची ओळख असते, ना घरात पुस्तकांचे कपाट. एका निबंधातल्या नेमक्या संदर्भांच्या आधारे ती मूळ साधनापर्यंत स्वतः जाऊ शकते आणि तिथे उभी राहून नामवंत विद्वानालाही ‘तुमचे चुकले’ असे सांगू शकते. आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक गाळणारा लेखक तिचा हा अधिकार हिरावून घेतो. तो अधिकार ज्याला मान्य आहे, त्याने निबंध पाठवण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा, आणि जो पाहता आला नाही तो सूचीतून काढून टाकावा.