लाकडी बैल, पण कुठला?

वर्ध्याच्या माणसाला 'तुझ्या गावाचं छोटं मॉडेल बनव' म्हटलं की तो डोळे मिटून बापूकुटी बनवतो. आइसक्रीमच्या काड्या, थोडी माती, वर कागदाची कौलं. झालं! बापूकुटीबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या जिल्ह्याचं खरं मिनिएचर वर्षभर माळ्यावर पडून असतं आणि एकदाच खाली उतरतं. लाकडी नंदीबैल.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडं बॅकग्राउंड. श्रावण अमावस्येला पोळा, म्हणजे खऱ्या बैलांचा सण. दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं एका ठिकाणी जमतात आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात (खाऊ किंवा पैसे, आता पैसेच जास्त).

तुमच्याकडे दिवाळीत मातीचे किल्ले करतात ना, साधारण तसंच. फरक एकच. किल्ला करणारा पोरगा ठासून सांगतो, 'काका, हा राजगड आहे, ही सुवेळा माची.' आमच्या पोराला विचारा, 'काय रे, हा बैल कुठला?' तो तुमच्याकडे बघतच राहील. बैल म्हणजे बैल, बापा!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. वर्ध्याला स्वतःचा बैल आहे. त्याचं नाव गवळाऊ. आर्वी-कारंजा हा त्याचा मुलूख, आणि कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी फार्मही आहे. पांढरा किंवा राखाडी रंग, नराच्या मानेवर नि वशिंडावर जरा गडद. अंगाने सडपातळ, चालायला चपळ. चेहरा लांब आणि निमुळता, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट. वशिंड बरेचदा एका बाजूला कललेलं.

आता बाजारातला नंदी आठवा. भरलेला देह, गोल चेहरा, लांब वळणदार शिंगं, सरळ उभं वशिंड. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट टेम्प्लेट. कुठल्याही जिल्ह्यात कॉपी-पेस्ट करा, चालतो.

शिवाय साइजची स्पर्धा आहेच. आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे तो भल्यामोठ्या लाकडी नंद्यांसाठी. बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण बैल जितका मोठा होतो, तितका तो पोराच्या हातातून सुटून मोठ्यांच्या ताब्यात जातो.

'अरे, खेळणं आहे ते, एवढा काय विचार करतोस?' असं म्हणणारे आहेत. त्यांना स्वीडनच्या दालार्ना प्रांतातला लाकडी घोडा दाखवावासा वाटतो. तो काही हुबेहूब घोडा नाही, पण बघणारा लगेच सांगतो, हा तिकडचा. बारकावे सगळेच हवेत असं नाही. आपल्या भागाची दोन-तीन लक्षणं हवीत.

आणि इथे प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. शेतात ट्रॅक्टर आला, दुधासाठी संकरित गाय आली, आणि गवळाऊ कमी होत गेला. माझ्या पिढीने निदान गोठा बघितलाय. हिंजवडीत वाढणाऱ्या आमच्या पोरांना बैल भेटणार तो बहुतेक लाकडाचाच. तोही कुठलाच नसेल, तर त्यांनी ओळखायचं तरी कसं?

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. पुढच्या वेळी गावी गेलात तर मेजर टेप घेऊन गोठ्यात जा. डोक्याची लांबी, शिंगं, वशिंड, पाय मोजा, फोटो काढा, सगळ्याला दहाने भागा. सागवान कोरता येत नसेल तर शाडूची माती घ्या. नाहीतर गावातल्या सुताराला फोटो दाखवा आणि सांगा, 'भाऊ, शिंगं आखूड ठेवा, तोंड जरा लांब करा.' तो आधी हसेल. पण घरात बैल राखलेला असेल तर दोन गोष्टी तोच तुम्हाला सांगेल.

मग तो बैल पोराच्या हातात द्या. वर्ध्याच्या एखाद्या आजोबांनी तो बघून 'अरे, हा तं गवळाऊ आहे!' म्हटलं, की समजा जमलं.